पाल, पाडा आणि पडदा

‘फँड्री’ हा शब्द मराठी नाही. नागराज मंजुळे यांचा त्या नावाचा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तिकीट काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. तमिळमध्ये डुकराला ‘पन्रि’ म्हणतात आणि त्याचा उच्चार कानाला जवळजवळ ‘पंड्रि’ असा येतो. तेलुगूत ‘पंदि’, कन्नडात ‘हंदि’. म्हणजे आपल्या गावाच्या उकिरड्याशेजारी टोपल्या विणत बसलेले कुटुंब घरात जी भाषा बोलते, ती द्राविडी कुळातली आहे. कोरवा, कुरवर, येरुकल अशा नावांनी दक्षिणेत पसरलेल्या समूहाचीच कैकाडी ही एक शाखा. कणगी, डालगी, टोपली यासाठी त्यांच्या दारात शतकानुशतके जाणाऱ्या मराठी माणसाला त्यांच्या भाषेतला एक शब्द शिकायला एका सिनेमाची वाट पाहावी लागली. शिकला तोही कोणता, तर डुक्कर!

या एका शब्दापासून सुरुवात करण्याचे कारण आहे. पडद्यावर एखादा समाज दिसणे आणि त्या समाजाने स्वतः बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी आणि हिंदी चित्रपटांत भटके, विमुक्त आणि आदिवासी दिसत आले ते जवळपास चित्रपट बोलू लागल्यापासून. त्यांना घरची भाषा मिळाली ती फार उशिरा. या मधल्या काळात काय घडले आणि का घडले, हे तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

तपासण्यासाठी एक मोजपट्टी मला फार दूरच्या देशात सापडली. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी. त्यांच्यावर गोऱ्यांनी मूकपटांच्या काळापासून सिनेमे काढले. त्यांत माओरी राजकन्या असे, शूर योद्धा असे, हाका नृत्य हमखास असे. माओरी माणसाने स्वतः दिग्दर्शित केलेला पहिला कथापट ‘न्गाती’ मात्र आला १९८७ साली. दिग्दर्शक बॅरी बार्कले. या बार्कले यांनी पुढे ‘चौथा सिनेमा’ अशी कल्पना मांडली. पहिला सिनेमा हॉलिवूडचा, दुसरा युरोपीय कलावंतांचा, तिसरा गरीब देशांतल्या बंडखोरांचा आणि चौथा त्या-त्या भूमीच्या मूळ लोकांचा. हे वर्गीकरण बाजूला ठेवले तरी त्यांनी वापरलेली प्रतिमा विसरता येत नाही. आजवरचा कॅमेरा, ते म्हणतात, बाहेरून आलेल्या जहाजाच्या डेकवर उभा आहे. तो किनाऱ्याकडे पाहतो. किनाऱ्यावरची माणसे त्याला नाचताना, पळताना, भाले उगारताना दिसतात. आता कॅमेरा किनाऱ्यावर आणून पाहा. मग अनोळखी वाटते ते जहाज.

आपल्याकडे समुद्रही नाही आणि जहाजही नाही. पण गाव आहे आणि गावकुसाबाहेरचे पाल आहे, डोंगरातला पाडा आहे, शिवारातला तांडा आहे. कॅमेरा वेशीच्या आत उभा आहे की बाहेर, एवढेच विचारायचे.

वेशीच्या आतल्या कॅमेऱ्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बंजारा. आमच्या जिंतूर, गंगाखेड तालुक्यांत तांडे आहेत. दिवाळी झाली की तिथली शेकडो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या पट्ट्यात जातात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ट्रक निघालेले असतील. या समाजाचा मूळ धंदा बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहण्याचा. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि तो बुडाला. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे ठिकठिकाणी त्यांच्यावर शिक्काही मारला. हिंदी पडद्यावर यातले काही नाही. १९७१ च्या ‘कॅरव्हान’मधला बंजाऱ्यांचा तांडा रंगीत गाड्यांतून फिरतो, शेकोटीभोवती नाचतो आणि शहरातून पळून आलेल्या श्रीमंत नायिकेला आसरा देतो. तो युरोपातल्या जिप्सींच्या चित्रावरून उतरवलेला आहे, सोलापूर-परभणीच्या तांड्यावरून नव्हे. फेटिया, कांचळी, कोपरापर्यंतचा चुडा हे सगळे आरशांसह पडद्यावर आले. गोरबोली आली नाही. तो पोशाख अंगावर घालून उसाच्या फडात पहाटे चार वाजता वाकणारी बाई तर दूरच राहिली.

‘मधुमती’ (१९५८) हा त्याच्या मानाने कितीतरी जबाबदार चित्रपट. बिमल रॉय यांचे दिग्दर्शन, ऋत्विक घटक यांचा कथेत हात. तरी तिथली डोंगरकन्या वैजयंतीमाला शेवटी शहरातून आलेल्या बाबूचे प्रेमपात्रच आहे. डोंगर आणि मुलगी दोन्ही निसर्गात मोडतात. हा साचा पुढे अनेक वर्षे चालला.

मराठीत साचा वेगळा होता, पण साचा होताच. मराठी सिनेमाने भटक्या समाजांपैकी सर्वांत जास्त दाखवला तो कोल्हाटी, आणि सर्वांत कमी नावाने घेतला तोही कोल्हाटीच. तमाशापट हा आपला हुकमी प्रकार. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) तमाशापटाची लाट आणली. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ (१९७२) अजूनही टीव्हीवर लागतो. त्याची मूळ कथा एका जर्मन चित्रपटातून, ‘ब्लू एंजल’मधून आलेली आहे, हे अनेकांना माहीत नसते. तिकडे प्राध्यापक आणि कॅबरे गायिका होती, इथे गुरुजी आणि नाचणारीण झाली. कथा एवढ्या सहज एका देशातून दुसऱ्या देशात जाते याचा अर्थच असा, की नाचणाऱ्या बाईच्या स्वतःच्या समाजाशी, तिच्या घराशी, तिच्या मुलांशी त्या कथेला काही देणेघेणे नाही. ती मोह आहे. सज्जन पुरुष त्या मोहात पडतो, आणि चित्रपट त्या पुरुषाविषयी असतो.

आमच्या लहानपणी फेब्रुवारीत परभणीचा हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरे. आजही भरतो. त्या काळी एका तंबूत टुरिंग टॉकीज आणि थोड्या अंतरावर तमाशाचा फड असे शेजार पाहायला मिळे. टॉकीजच्या पडद्यावरची नर्तिका जरीचा शालू नेसलेली, फुलांनी मढलेली. फडातल्या बायका दिवसा तंबूमागे चुलीवर भाकरी थापत असत, पोर मांडीवर. दोन्हीकडे तिकीट काढणारी माणसे तीच. त्या चुलीकडे कॅमेरा वळवावा असे कोणाला वाटले नाही, कारण वळवला असता तर ‘पिंजरा’सारखी कथा उभीच राहिली नसती. त्या चुलीपलीकडची गोष्ट लिहिली ती डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी, ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात, १९९४ साली. नावात मधोमध आईचे नाव आहे. नाचणाऱ्या मुलीचे लग्न होत नाही, तिच्या पोटच्या पोराला बापाचे नाव नाही, आणि तिच्या कमाईवर भाऊ-बाप जगतात, हा त्या पुस्तकाचा विषय. पस्तीस वर्षांच्या तमाशापटांनी जे सांगितले नव्हते ते एका पुस्तकाने सांगितले.

आता ‘जैत रे जैत’. या चित्रपटावर थोडे थांबायला हवे, कारण तो वाईट चित्रपट नाही. तो मराठीतल्या सर्वोत्तम चित्रपटांपैकी आहे, आणि म्हणूनच त्याची तपासणी उपयोगी आहे. १९७७ साली जब्बार पटेल यांनी गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरून तो केला. हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत. गीते आमच्या मराठवाड्याच्या ना. धों. महानोरांची. अजिंठ्याच्या पायथ्याच्या पळसखेड्यात शेती करणाऱ्या कवीने रायगड जिल्ह्यातल्या ठाकरांसाठी शब्द लिहिले आणि ती गाणी महाराष्ट्रभर झाली. मोहन आगाशे नाग्या झाले, स्मिता पाटील चिंधी, निळू फुले नाग्याचे भगत वडील. कर्नाळ्याच्या सुळक्याच्या, लिंगोबाच्या परिसरात गोष्ट घडते. राणी माशीच्या दंशाने नाग्याचा डोळा जातो. देवानेच अन्याय केला म्हणून तो डोंगराशी वैर धरतो, सुळक्यावरची पोळी उतरवण्याचा पण करतो. शेवटी तो जिंकतो आणि चिंधी जाते.

या चित्रपटाने ठाकरांची टिंगल केली नाही. नाग्याला पुण्यवंत व्हायचे आहे, त्याला प्रश्न पडतात, तो देवाला जाब विचारतो. चिंधी नवऱ्याला सोडून स्वतःच्या मनाने माणूस निवडते आणि त्याबद्दल चित्रपट तिला शिक्षा म्हणून काही सुनावत नाही. आदिवासी पात्राला एवढे मोठे मन देणारे चित्रपट तेव्हा हिंदीतही बोटांवर मोजण्याइतके होते. तरीही कॅमेरा कुठे उभा आहे? बहुतेक मुख्य मंडळी पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरची. पात्रे बोलतात ती शहरी प्रेक्षकाला कुठे अडखळू न देणारी मराठी. गाणारा मेळा कथा आपल्याला समजावून सांगतो. म्हणजे ऐकणारे आपण आहोत हे आधीच ठरलेले आहे. आणि कथेचा गाभा माणूस विरुद्ध डोंगर असा आहे. जमीन, सावकार, वनखाते त्या गाभ्यात येत नाहीत. कर्नाळ्याचे जंगल १९६८ सालीच पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेले होते. ज्या डोंगरावर नाग्या मध काढायला चढतो, तिथे प्रत्यक्षातल्या ठाकराला कोणत्या नियमाखाली चढता येत होते, हा प्रश्न त्या काळात कोणत्याही पाड्यावर विचारला गेला असता. चित्रपट पौराणिक उंचीवर आहे आणि त्या उंचीवरून असे प्रश्न लहान दिसतात. हा दोष आहे असे मी म्हणणार नाही. कलावंताने कोणती कथा निवडावी हा त्याचा अधिकार. पण ठाकर म्हटले की शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात आजही नाग्या आणि चिंधीच उभे राहतात, याचे कारण दुसरी कोणती कथा पडद्यावर आलीच नाही, हे आहे.

तीन वर्षांनी ‘आक्रोश’ आला. गोविंद निहलानी यांचा पहिला चित्रपट, लेखन विजय तेंडुलकर यांचे. भाषा हिंदी असली तरी वातावरण आपलेच. लहान्या भिकू या आदिवासीवर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. खरे गुन्हेगार गावातले प्रतिष्ठित आहेत. ओम पुरींनी केलेला हा लहान्या जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर वकिलासमोर तोंड उघडत नाही. बोलून काही होणार नाही हे त्याला कळलेले आहे. शेवटी बापाच्या चितेजवळ तो बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, तिच्याही वाट्याला बायकोसारखे येऊ नये म्हणून, आणि मग त्याच्या तोंडून किंकाळी फुटते. ज्याने पाहिली तो विसरत नाही.

‘जैत रे जैत’मध्ये नसलेले सगळे इथे आहे : ठेकेदार, पुढारी, पोलीस, न्यायालय. सरकारी वकील दुसाने स्वतः आदिवासी आहे आणि त्याला रात्री धमक्यांचे फोन येतात. शिकून वर गेलेल्या आदिवासीचे एकटेपण एवढ्या बारकाईने मी तरी दुसऱ्या चित्रपटात पाहिलेले नाही. पण गोष्ट आपल्याला कळते ती भास्कर कुलकर्णी या तरुण वकिलाच्या पाठोपाठ चालत. आदिवासीचे मौन हा चित्रपटाचा आरोप आहे, मान्य. मात्र एका समाजाचे मौन दाखवणारा चित्रपटच त्या समाजावरचा सर्वांत महत्त्वाचा चित्रपट ठरावा, ही अवस्था काही अभिमानाची नाही. नाग्या गातो, लहान्या मुका राहतो. रोजच्या सारखे, साधे, भांडखोर, विनोदी बोलणे दोघांच्याही वाट्याला येत नाही.

पुढच्या काळातले इतर चित्रपट मी भराभर पाहून पुढे जातो. अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ (१९९५) व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीइतकाच संयत आहे आणि कादंबरीप्रमाणेच तो बाहेरून आलेल्या मास्तरच्या डोळ्यांनी धनगरांना पाहतो. मात्र तो तसे कबूल करून पाहतो, म्हणून फसवत नाही. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने (२००९) जोगते-जोगतिणींचे दुःख मोठ्या प्रेक्षकापर्यंत नेले. २०१४ च्या डॉ. प्रकाश आमटे यांच्यावरील चित्रपटात माडिया आहेत, पण ते रुग्ण म्हणून येतात, बरे होतात आणि फ्रेमबाहेर जातात. चित्रपट डॉक्टरांवर आहे, तेव्हा हे अपरिहार्य म्हणता येईल. तरीही हेमलकशाच्या एखाद्या म्हाताऱ्या माडियाला त्या गोऱ्या औषधांविषयी सुरुवातीला काय वाटले असेल, हे मला कोणी सांगितलेले आवडले असते.

आणि पारधी? फासेपारधी हा आमच्या जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीचा आणि कोणाच्याच माहितीचा नसलेला समाज. मराठी पडद्यावर तो येतो तेव्हा बहुधा पोलीसकथेच्या एका प्रसंगापुरता येतो. याची मुळे कायद्यात आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले, हजेरी लावली, तारेच्या कुंपणात वसाहती केल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, चोरीच्या बातमीत जमातीचे नाव छापण्याची वर्तमानपत्रांची सवय गेली नाही. आरोपी मराठा, ब्राह्मण किंवा लिंगायत असेल तर बातमीत जात नसते, पारधी असेल तर ती मथळ्यात असते. त्या मथळ्यावर वाढलेला पटकथाकार दुसरे काय लिहिणार? आणि तो चित्रपट पाहून वाढलेला फौजदार तपास कुठून सुरू करणार? चित्रणाचा प्रश्न हा केवळ रसिकांचा प्रश्न नाही तो यासाठी. रात्री पालावर गाडी येऊन थांबते तेव्हा त्या गाडीतल्या माणसांच्या डोक्यात कोणते चित्र आहे, यावर पालातल्या माणसाची पाठ अवलंबून असते.

इथे वाचक म्हणतील, की हे समाज लिहायला-बोलायला लागले तेव्हा हे चित्र बदलले असेलच. मराठी साहित्यात नक्कीच बदलले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘उपरा’ कैकाडी घराची कथा आहे. ‘फँड्री’ही कैकाडी घराचीच. दोहोंमध्ये चौतीस वर्षांचे अंतर आहे. कागदावर पोहोचलेले घर पडद्यावर पोहोचायला एक अख्खी पिढी गेली.

कारण सरळ आहे. आत्मकथनाला वही लागते, दौत लागते आणि रॉकेलचा दिवा लागतो. चित्रपटाला कच्ची फिल्म लागे, ती धुण्यासाठी मुंबईची प्रयोगशाळा लागे, कॅमेरा भाड्याने लागे, वितरक लागे, आणि या प्रत्येक दारावर ओळख लागे. हिशेब मांडला तर भटक्या कुटुंबातल्या मुलासाठी ही सगळी दारे एकाच वेळी उघडणे अशक्य होते. डिजिटल कॅमेऱ्याने यातली दोन-तीन दारे पाडली. मंजुळे यांनी आधी ‘पिस्तुल्या’ (२००९) हा शाळेची ओढ लागलेल्या मुलावरचा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि मग मोठ्या चित्रपटाला पैसे उभे राहिले. भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळ कुटुंबावरचा ‘ख्वाडा’ करण्यासाठी शेतजमीन विकली, हे तर सर्वज्ञात आहे. जमीन गमावून भटकणाऱ्या कुटुंबाची गोष्ट सांगायला जमीन विकावी लागली. यावर वेगळे भाष्य नको.

‘फँड्री’त नेमके काय वेगळे आहे? जातीय अत्याचार आधीच्या चित्रपटांतही होता. इथे पहिल्यांदा घर आहे. कचरू माने चिडतो, दारू पितो, पोरीच्या लग्नाच्या पैशांसाठी लाचार होतो, टोपल्या विणतो, आणि घरात आपल्या भाषेत बोलतो. गावाशी बोलताना तो मराठीवर येतो. भाषा बदलताना त्याची मानही खाली जाते. किशोर कदम यांनी हे इतके सहज केले आहे, की पहिल्या पाहण्यात ते लक्षातही येत नाही. जब्या हा काही क्रांतिकारक नाही. त्याला जीन्स हवी आहे, गोरे व्हायचे आहे, वर्गातल्या शालूने पाहावे असे वाटते, आणि वर्गातल्या कोणी आपल्याला डुकरे धरताना पाहू नये असे वाटते. सोमनाथ अवघडे हा मुलगा करमाळा तालुक्यातल्या केमचा, हलगी वाजवणारा. त्याला अभिनय शिकवलेला नव्हता, हे पडद्यावर फायद्याचेच ठरले.

मग तो डुक्कर धरण्याचा प्रसंग. सगळे कुटुंब डुकराला घेरते, आणि नेमके त्या क्षणी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. कचरू थांबतो, पोरे थांबतात, डुक्कर थांबत नाही. प्रेक्षागृहात लोक हसले. हसून झाल्यावर काही जण गप्प झाले. त्यानंतर डुक्कर खांद्याला टांगून कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते. भिंतीवर आंबेडकर आहेत, फुले आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. दिग्दर्शक एक शब्द बोलत नाही. आणि अखेरीस जब्या छेड काढणाऱ्या पोरांवर दगड मारत सुटतो आणि शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. पडदा काळा होतो.

त्या दगडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बार्कलेच्या भाषेत त्याचा अर्थ सोपा आहे. तोवर आपण प्रेक्षक डेकवर बसून पाहत होतो. डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाला हसणाऱ्या गावकऱ्यांमध्ये आपलीही खुर्ची होती. किनाऱ्यावरच्या पोराने ते ओळखले.

आता एक अडचण सांगतो, नाहीतर हा लेख ‘आतल्याने काढला की चांगला, बाहेरच्याने काढला की वाईट’ एवढाच होईल. न्यूझीलंडचाच दाखला घ्या. १९९४ चा ‘वन्स वेअर वॉरियर्स’ हा तिथला प्रचंड चाललेला चित्रपट. दिग्दर्शक ली तामाहोरी माओरी वंशाचा, मूळ कादंबरीकार ॲलन डफ माओरी, कलाकार माओरी. शहरातल्या माओरी कुटुंबातली दारू आणि मारहाण त्यात अंगावर येते. माओरींतूनच आक्षेप आला, की जमिनी कशा गेल्या, माणसे शहराच्या कडेला कशी फेकली गेली, याचा मागमूस न ठेवता फक्त हिंसा दाखवली, तर गोरा प्रेक्षक ‘हे असेच असतात’ म्हणून घरी जाणार. दुसऱ्या बाजूने बायकांच्या आश्रयगृहांत काम करणाऱ्यांना त्या चित्रपटाने बोलायला तोंड दिले. दोन्ही खरे आहे. आतल्या माणसावर आणखी एक ओझे असते : त्याच्या एका चित्रपटाने अख्ख्या समाजाची सगळी बाजू मांडावी अशी अपेक्षा. असे ओझे ‘पिंजरा’वर कोणी टाकले नव्हते.

आणि बाहेरचा माणूस सहानुभूतीने काढतो तेव्हाही काय निसटू शकते, याचे अगदी ताजे उदाहरण तमिळमधले आहे. ‘जय भीम’ (२०२१) आपल्याकडेही घराघरांत पाहिला गेला. पोलीस कोठडीतल्या छळाची ती खरी घटना. चित्रपटात पीडित कुटुंब इरुळर जमातीचे आहे. प्रत्यक्षातला राजाकण्णू कुरवर समाजाचा होता. कुरवर म्हणजे आपल्या कैकाड्यांचे दूरचे भाऊबंद. तिकडच्या कुरवरांनी विचारले, आमचा माणूस मेला, आमच्या बाईने न्यायालयात झुंज दिली, मग चित्रपटात आम्ही कुठे आहोत? चित्रपट चांगल्या हेतूने केलेला, परिणामकारक, लोकांना हलवणारा. तरी हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात या प्रश्नाला कागदोपत्री धारही आहे. कैकाडी विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतात आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात, आपल्याकडे विमुक्त जाती. ज्यांची सरकारी ओळख नदी ओलांडली की बदलते, त्यांना पडद्यावर तरी आपले नाव नीट हवे असते. मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी परदेशी सामन्याला जाण्यासाठी स्वतःच्या अस्तित्वाचा कागद गोळा करत बापासोबत वणवण फिरते. त्या लांबलचक चित्रपटातला तो भाग मला सर्वांत खरा वाटला. तांड्यावरच्या, पालावरच्या कोणालाही विचारा, तहसीलच्या पायऱ्या त्याने किती वेळा मोजल्या आहेत.

मराठीबाहेर काही ठिकाणी ‘चौथ्या सिनेमा’ला शोभेल असे काम झाले आहे. अहमदाबादच्या छारानगरात छारा या विमुक्त समाजाच्या तरुणांनी १९९८ साली ‘बुधन थिएटर’ सुरू केले. बुधन शबर हा बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यातला, पोलीस कोठडीत मेलेला तरुण. त्याच्यावरचे नाटक करून या पोरांनी सुरुवात केली. त्यातले दक्षिण बजरंगे पुढे माहितीपटांकडे वळले. झारखंडमध्ये बिजू टोप्पो यांच्यासारखे आदिवासी माहितीपटकार कित्येक वर्षे आपल्या भाषांमध्ये काम करत आहेत. महाराष्ट्रात, जिथे भारतीय चित्रपटाचा जन्म झाला, तिथे गोंडी, भिलोरी, गोरबोली, वडारी, पारधी बोलीतला आणि त्या-त्या समाजाने स्वतः केलेला सिनेमा अजून चुटपुट स्वरूपातच आहे. तांड्यातली पोरे मोबाईलवर गोरबोलीतले विनोदी प्रसंग चित्रित करून टाकतात आणि ते हजारो लोक पाहतात. समीक्षक त्याला सिनेमा म्हणणार नाहीत. मी मात्र ते आवडीने पाहतो. त्यांत सासू सुनेला गोरबोलीत शिव्या देते आणि कोणीही शेकोटीभोवती नाचत नाही.

एक काम मात्र आपल्याकडे कोणीच हाती घेतलेले दिसत नाही. न्यूझीलंडच्या सरकारी संग्रहालयाने १९१९ ते १९२३ या काळात जेम्स मॅकडोनाल्ड या छायाचित्रकाराकडून माओरींच्या विणकामाची, मासेमारीची, खेळांची मूक चित्रफीत घेतली होती. ती अनेक दशके डब्यांत पडून होती. १९८० च्या दशकात ती दुरुस्त करण्यात आली आणि शहरातल्या महोत्सवाआधी ज्या-त्या गावच्या माओरी सभागृहात नेऊन तिथल्या वंशजांना दाखवण्यात आली. म्हाताऱ्यांनी पडद्यावरची माणसे नावानिशी ओळखली, नात्याने हाका मारल्या. नावे नोंदवून घेतली गेली. तोवर ‘मासे पकडणारे माओरी’ एवढीच त्या चित्रांची ओळख होती.

पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कर्नाळ्याच्या पायथ्याला आजही ठाकरांचे पाडे आहेत, मुंबई-गोवा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. ‘जैत रे जैत’चे चित्रीकरण झाले तेव्हा जी पोरे झाडामागून पाहत असतील ती आता साठीकडे आली असतील. गर्दीच्या दृश्यांत उभी राहिलेली माणसे कोण, चिंधीचे लुगडे कोणी नेसवून दाखवले, पोळे उतरवण्याची खरी रीत कोणती आणि पडद्यावर ती किती उतरली, भगताच्या अंगात येते ते तसे येते का, हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. पाड्यावर एक पडदा बांधून चित्रपट लावायचा आणि शेजारी वही घेऊन बसायचे, एवढेच करायचे आहे. लाइटचा भरवसा नाही, म्हणून जनरेटर सोबत न्यावा लागेल.